एक्स्टर्नल कॅव्हिटी, डीएफबी की एफटीआयआर? मिड-इन्फ्रारेड स्रोत निवडताना

मिड-इन्फ्रारेड लेसर घ्यायचा ठरला की पहिली नजर ट्यूनिंगच्या, म्हणजे तरंगलांबी बदलण्याच्या, रेंजवर जाते. त्याआधी पाहायला हवी आपल्या नमुन्याच्या शोषणाची रुंदी. वातावरणाच्या दाबाला कार्बन मोनॉक्साइडची एक शोषणरेषा जेमतेम ०.१ सेमी⁻¹ रुंद असते (सेमी⁻¹ हे तरंगसंख्येचं एकक: एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा). प्रथिनाचा अमाइड-१ पट्टा मात्र १६०० ते १७०० सेमी⁻¹ असा ऐसपैस पसरतो. दोन्ही कामं एकाच लेसरवर ढकलायला गेलं की एक तरी बिघडतंच.

डीएफबी (डिस्ट्रिब्युटेड फीडबॅक) लेसर असो वा एक्स्टर्नल कॅव्हिटी, म्हणजे प्रकाश पुढेमागे फिरवणारी पोकळी चिपबाहेर असलेला लेसर, आत चिप सहसा क्वांटम कॅस्केडचीच असते, म्हणजे मिड-इन्फ्रारेड प्रकाश देणारी अर्धवाहक चिप. पहिली १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये चालली. फरक आहे तो तरंगलांबी कोण ठरवतं यात. डीएफबीत ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबी निवडणारी बारीक रेघांची रचना) चिपमध्येच कोरलेली असते. तापमान आणि करंट बदलून तरंगसंख्या काही सेमी⁻¹ सरकते, बस्स. एक्स्टर्नल कॅव्हिटीत चिपच्या एका टोकाला परावर्तनरोधक लेप, पुढे भिंग आणि त्यापलीकडे फिरणारी ग्रेटिंग. कोन बदलत गेलं की एकाच चिपमधून १०० ते २५० सेमी⁻¹ मिळतात, काही चिपांमधून त्याहूनही जास्त.

ही मोकळीक फुकट नसते. लेप कितीही चांगला असला तरी थोडं परावर्तन उरतंच, आणि ३ मिमी लांबीच्या चिपचे स्वतःचे मोड (लेसर ज्यांवर चालू शकतो त्या ठरावीक तरंगसंख्या) साधारण ०.५ सेमी⁻¹ अंतरावर डोकं वर काढतात. ५ सेमी लांबीच्या बाहेरच्या कॅव्हिटीचे मोड ०.१ सेमी⁻¹ अंतरावर. ग्रेटिंग फिरते तसा लेसर एका मोडवरून दुसऱ्यावर उडी मारतो. उडी नेमकी वायूच्या रेषेवर पडली की रेषेचा आकारच तुटतो. उड्या टाळणारी सलग-तरंग (अखंड प्रकाश देणारी) मॉडेलं असतात, पण त्यांत ग्रेटिंगच्या कोनाबरोबर कॅव्हिटीची लांबीही अचूक बदलावी लागते. मग महाग आणि कंपनांना हळवी. पल्स मॉडेलं सोपी, पण त्यांची लाइनविड्थ, म्हणजे लेसरच्या प्रकाशाची स्वतःची रुंदी, १ सेमी⁻¹च्या आसपास. कार्बन मोनॉक्साइडची रेषा त्यात पसरून बुटकी होते आणि संहती वाढली तरी शोषण त्या प्रमाणात वाढत नाही.

म्हणून एकच ओळखीचा लहान वायू सतत मोजायचा असेल तर डीएफबी घ्या, फार विचार करू नका. मिथेनसाठी ३.३ मायक्रॉनचा पट्टा हवा असेल तर तिथे इंटरबँड कॅस्केड ही दुसऱ्या प्रकारची लेसर चिप जास्त सोयीची.

नमुन्यात काय आहे हेच माहीत नसेल तर एफटीआयआर, म्हणजे लेसरऐवजी तापलेल्या स्रोताच्या प्रकाशावर चालणारा फूरिए ट्रान्सफॉर्म इन्फ्रारेड वर्णपटमापक: ४०० ते ४००० सेमी⁻¹ एका दमात. त्याचा ग्लोबार (तापून प्रकाश देणारी कांडी) मंद पडतो तो पाण्यात. पाणी १६४५ सेमी⁻¹ला, म्हणजे अमाइड-१च्या नेमकं डोक्यावर, दणकून शोषतं. त्यामुळे सेलची (नमुना भरायच्या कुपीची) जाडी १० मायक्रॉनच्या आत ठेवावी लागते आणि असा सेल भरताना, धुताना जीव मेटाकुटीला येतो. एक्स्टर्नल कॅव्हिटीच्या ताकदीवर ३० मायक्रॉनपर्यंत जाता येतं. तिची खरी जागा ही: द्रावणातली प्रथिनं, पॉलिमर, स्फोटकांचे अंश, मोठ्या रेणूंच्या वाफा.

त्रास कुठून येतो? बहुतेकदा खिडकीतून. ३ मिमीची समांतर कॅल्शियम फ्लुओराइडची खिडकी सुमारे १.२ सेमी⁻¹ अंतराच्या लाटा उमटवते आणि त्या हुबेहूब वर्णपटासारख्या दिसतात. किंचित पाचरीसारखी खिडकी घ्या, तिरकी बसवा. तिरकेपणामुळे प्रकाश लेसरमध्ये परत जाणंही टळतं, नाहीतर स्थिर मोडसुद्धा डळमळतो. १३०० ते २००० सेमी⁻¹मध्ये हवेतल्या बाष्पाच्या रेषा घुसतात. मार्ग कोरड्या नायट्रोजननं भरून ठेवा. डिटेक्टर ग्लोबारसाठी निवडलेला असेल तर लेसर त्याला सहज संपृक्त करतो, म्हणजे प्रकाश वाढला तरी त्याचा संकेत वाढत नाही. चिप दवबिंदूखाली थंड केली तर ऑप्टिक्सवर पाणी साचतं.

खरेदीआधी एक चाचणी मागाच. पॉलिस्टायरीनची फिल्म लावून ओळीने वीस स्कॅन, दहा वाढत्या तरंगसंख्येनं आणि दहा उतरत्या. १६०१ सेमी⁻¹चं शिखर दोन्ही दिशांना वेगळ्या जागी आलं तर ग्रेटिंगच्या यंत्रणेत ढिलाई आहे. तेवढी चूक चालणार असेल तरी पुढे कायम एकाच दिशेनं स्कॅन करा.