फॉर्च्युनाची जलरंग-प्रत: छपाई उत्तम, माउंट मात्र बदलून घ्या

अठराव्या शतकातल्या एका युरोपीय जलरंगचित्राची ही ए-३ आकाराची प्रत ३०० जीएसएम (म्हणजे चांगल्या जाड) कॉटन कागदावर पिगमेंट शाईने छापलेली आहे. रोमन भाग्यदेवता फॉर्च्युना गोलावर एका पायावर तोललेली, डोळ्यांवर पट्टी, हातात फळांनी ओसंडणारं शिंग. मागे फुगलेलं कापड म्हणजे शीड आहे. विक्रेत्याने वर्णनात त्याला ओढणी म्हटलंय, ते चूक.

छपाईत समज दिसते. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागदच. मूळ कागद वयाने पिवळसर झालेला असतो आणि तो पिवळेपणा स्कॅनमध्ये उतरतोच. प्रत क्रीम कागदावर काढली की तो दुप्पट होऊन देवीची कांती मातकट दिसते. इथे कागद शुभ्र घेतलाय, त्यामुळे आकाशातल्या प्रशियन निळ्याचे पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे थर, एकाखाली एक सुटे दिसतात. गाल फिके वाटले तर छपाईला दोष देऊ नका: कार्माइनचा लाल उजेडाने उडतो, मूळ चित्रातच तो उडालेला असणार.

माउंटने, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने, मात्र घात केलाय. तिची खिडकी खालून सुमारे १२ मिमी कमी कापल्याने गोलाचा निम्मा भाग झाकला जातो आणि देवी टेकाडावर उभी असल्यासारखी दिसते. सगळा अर्थ त्या गोलात आहे! रेनेसाँपासून युरोपात भाग्याला घरंगळणारा गोल आणि सद्गुणाला चौकोनी ठोकळा देत आले. आपली लक्ष्मीही चंचलाच, पण चित्रात ती कमळावर स्थिर असते. फॉर्च्युनाच्या पायाखालीच अस्थिरता आहे.

तेव्हा नुसती प्रत मागवा आणि माउंट फ्रेमवाल्याकडून कापून घ्या: अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, खिडकी चित्रापेक्षा चारही बाजूंनी ५ मिमी मोठी. कागद वरच्या कडेलाच दोन ठिकाणी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने टांगावा. चारही कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगणाऱ्या कागदाला सरकायला जागा उरत नाही आणि तो मधोमध पोट काढतो. सेलोटेप तर नकोच, त्याचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतात. काच कागदाला टेकू देऊ नका. कोकणात किंवा मुंबईत भिंत ओल धरत असेल तर फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही.