ॲमेझॉन एसक्यूएस (मुंबई रीजन): रांग भरवशाची, डिफॉल्ट आकडे भरवशाचे नाहीत

एसक्यूएस म्हणजे प्रोग्रामनी टाकलेले मेसेज (कामं) दुसरा प्रोग्राम उचलेपर्यंत रांगेत सांभाळणारी ॲमेझॉनची क्लाउड सेवा. सेवा म्हणून तिला नावं ठेवायला फारशी जागा नाही. सर्व्हर सांभाळायचा नाही, महिन्याला पहिल्या दहा लाख रिक्वेस्ट फुकट, आणि मुंबई रीजन निवडला की डेटाही इथेच राहतो. घोळ होतो तो टाइमआउटमध्ये, म्हणजे वेळेच्या मुदतींमध्ये, आणि बहुतेक टीम डिफॉल्टला हात न लावताच लाइव्ह जातात.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा व्हिजिबिलिटी टाइमआउटचा. वर्करने, म्हणजे रांगेतली कामं करणाऱ्या प्रोग्रामने, मेसेज उचलला तरी तो रांगेतून जात नाही, फक्त इतरांना दिसेनासा होतो. मुदतीत डिलीट झाला नाही तर पुन्हा दिसू लागतो. डिफॉल्ट मुदत ३० सेकंद, कमाल १२ तास. समजा, गणपतीच्या तोंडावर दादरच्या मिठाईच्या दुकानाकडे मोदकांच्या ऑनलाइन ऑर्डरी येतायत. वर्कर एकदम १० मेसेज उचलतो, एकामागून एक करतो, आणि पेमेंट तपासून एसएमएस पाठवायला दर ऑर्डरमागे ४ सेकंद लागतात. घड्याळ मात्र दहाही मेसेजचं उचलल्या क्षणीच सुरू झालेलं असतं. तिसाव्या सेकंदाला आठवा अर्धवट असतो, नववा-दहावा तसेच पडून. हे तिन्ही दुसरा वर्कर उचलतो आणि गिऱ्हाइकाला दोन-दोन एसएमएस जातात. म्हणून हिशेब सरासरीचा नको, अख्ख्या बॅचला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळेचा हवा. एका ऑर्डरला ८ सेकंदही लागू शकत असतील तर दहाचे ८०, म्हणजे मुदत १२० ठेवा. बाहेरच्या एपीआय कॉललाही स्वतःचा टाइमआउट द्या. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तो डिफॉल्टने नसतोच, मग वरचा सगळा हिशेब फुकट.

‘मग थेट दोन तास ठेवू’ हा उपायही नको. वर्कर मध्येच कोसळला तर तो मेसेज मुदत संपेपर्यंत कुणालाच दिसत नाही. काम किती चालेल याचा नेम नसेल तर मुदत ६० सेकंद ठेवून दर ४० सेकंदांनी मुदत वाढवणारा चेंज-मेसेज-व्हिजिबिलिटी कॉल करा. नवी मुदत कॉलच्या क्षणापासून मोजली जाते, जुन्या मुदतीत मिळवली जात नाही. एकूण मर्यादा मात्र पहिल्यांदा उचलल्यापासून १२ तासच.

वर्कर म्हणून लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी ॲमेझॉनची सेवा) वापरत असाल तर ॲमेझॉनचीच शिफारस आहे: व्हिजिबिलिटी टाइमआउट फंक्शन टाइमआउटच्या सहापट, अधिक बॅचिंग विंडो (बॅच गोळा होण्यासाठी थांबायचा वेळ). म्हणजे विंडो नसेल तर ३० सेकंदांच्या फंक्शनला १८०. थ्रॉटलिंग झालं, म्हणजे मर्यादेमुळे फंक्शन अडवलं गेलं, तर पुन्हा प्रयत्न करायला तेवढी सवड लागते. शिवाय ‘रिपोर्ट बॅच आयटम फेल्युअर्स’ चालू करून फसलेल्या मेसेजचे आयडी परत पाठवा, नाहीतर एकाच्या पायी दहाही मेसेज रांगेत परततात.

डेड लेटर क्यू (वारंवार फसलेले मेसेज बाजूला टाकायची रांग) लावताना मॅक्स रिसीव्ह काउंट, म्हणजे तिथे जाण्याआधी मेसेज किती वेळा उचलला जाऊ शकतो तो आकडा, निदान ५ ठेवा. १ ठेवलात तर नेटवर्कच्या एका झटक्यात चांगला मेसेजही बाद. इथे आणखी एक छुपा खड्डा आहे. स्टँडर्ड क्यूमध्ये, म्हणजे एसक्यूएसच्या नेहमीच्या प्रकारच्या रांगेत, मेसेजचं वय पहिल्या रांगेत आल्यापासूनच मोजतात. दोन्हीकडे मेसेज टिकण्याची मुदत डिफॉल्ट ४ दिवस असेल आणि मेसेज तीन दिवस मूळ रांगेत अडकला असेल, तर डेड लेटरमध्ये तो एकच दिवस टिकतो. शनिवार-रविवार गेला की पुरावाही गेला. डेड लेटरमधली ही मुदत सरळ १४ दिवस, म्हणजे कमाल करा.

रिसीव्ह वेट टाइम, म्हणजे रांग रिकामी असेल तर मेसेजची वाट पाहायचा वेळ, डिफॉल्ट शून्य असतो, तो २० सेकंद करा. रिकाम्या हाती परतलेल्या रिक्वेस्टचंही बिल लागतं.

लांबलचक कामांसाठी मात्र एसक्यूएस उजवी वाटते. अशाच दुसऱ्या सेवांपैकी गूगल पब-सबची ॲक डेडलाइन (काम झाल्याची पोच द्यायची मुदत) डिफॉल्ट १० सेकंद आणि कमाल १० मिनिटं, मायक्रोसॉफ्टच्या अझूर सर्व्हिस बसचा लॉक (मेसेज इतरांपासून राखून ठेवायची मुदत) कमाल ५ मिनिटं. तिथे मुदतवाढीवाचून गत्यंतर नाही, जरी पब-सबच्या लायब्ररी ती बहुधा आपणहून घेतात.

आकडे ठरवलेत की टेस्ट रांगेत वर्करला मुद्दाम मुदतीपेक्षा जास्त झोपवा आणि अप्रॉक्सिमेट रिसीव्ह काउंट (मेसेज आतापर्यंत किती वेळा उचलला गेला तो आकडा) २ झाल्यावर काय होतं ते पाहा. दुसरा एसएमएस गेला, तर ऑर्डर क्रमांक डेटाबेसमध्ये युनिक करून आधी तो तपासा. स्टँडर्ड क्यू मेसेज निदान एकदा पोचवायची हमी देते, एकदाच पोचवायची नाही.