परसात गलांगल: दीडेक वर्ष लावून, काढून, खाऊन झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. दमट हवा आणि कोपऱ्यात दोन-तीन हात मोकळी जागा असेल तर गलांगल, म्हणजे आल्यासारखा दिसणारा सुगंधी कंद, जरूर लावा. पण आल्याऐवजी वापरू म्हणून लावणार असाल तर राहू द्या. चहात घालून पाहा, पहिल्याच घोटाला कळेल.

काष्ठौषधींच्या दुकानात कुलिंजन म्हणून वाळके तुकडे मिळतात, गवई मंडळी घशासाठी चघळतात ते. हे त्याच कुळातलं. वाळका तुकडा मात्र रुजत नाही, ताजा, डोळे असलेला कंदच हवा. मी नर्सरीतून आणला.

आमचं घर सिंधुदुर्गात. जमीन जांभ्याची आणि पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास. अशा पावसात आल्याचा भरवसा नसतो; वाफ्यात पाणी तुंबलं की कंदकूज आलीच. तुंबलेलं पाणी गलांगललाही सोसत नाही, म्हणून न्हाणीचं सांडपाणी जवळ असलं तरी उताराच्या वरच्या अंगाला जागा दिली. मृगाच्या तोंडावर दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, चार बोटं खोल, शेणखत, वर पातेरा. पुढे फारसं काही करावं लागलं नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. चांगलं माणसाएवढं वाढतं.

आलं-हळद दिवाळीनंतर पिवळी पडतात आणि पाला वाळून जातो. हे पाणी मिळालं तर बारा महिने हिरवं. मे महिन्यात पानांची टोकं करपतात तेवढीच. त्यामुळे सगळा गड्डा एकदम उपटावा लागत नाही. कडेचा लागेल तेवढा तुकडा तोडायचा, मधलं झाड आपलं चालू. अर्थात त्यामुळेच ते पसरतंही. शेजारचं अळू त्याने केव्हाच मागे रेटलं. कुंडीत लावायचं तर रुंद ड्रम घ्या.

काढायचं कधी, यावर सगळं अवलंबून. चार-पाच महिन्यांच्या कोवळ्या कंदाची साल फिकट हस्तिदंती, कोंब गुलाबी. सुरी अलगद उतरते आणि लिंबाची साल नि निलगिरीचं पान एकत्र चुरगळावं तसा वास उठतो. वर्ष उलटलेला कंद ही वेगळीच चीज. सालीवर तांबूस कडी, आत दोरेच दोरे. विळीवर धरला तर कंद राहतो जागच्या जागी, विळीच सरकते. वास यालाच जास्त, पण आधी धाग्यांना आडव्या पातळ चकत्या पाडायच्या, मगच खलबत्त्यात. मिक्सरमध्ये तसाच टाकलात तर पात्याला दोरे गुंडाळून बसतात.

स्वयंपाकात तोम खा या थाई सुपासाठी याला तोड नाही. नारळाच्या रसात गलांगलच्या चकत्या आणि गवती चहाचा बुंध्याकडचा पांढरा दांडा ठेचून मंद उकळायचा, मग कोंबडी किंवा अळंबी, फिश सॉस, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. आमच्याकडे नारळाचा रस काढणं रोजचंच, त्यामुळे सूप घरात लगेच रुळलं. चकत्या खायच्या नसतात, ताटाच्या कडेला काढायच्या. पाहुण्यांना आधीच सांगा, नाहीतर बिचारे चावत बसतात. इंडोनेशियाच्या रेंडांगसाठी, म्हणजे नारळाच्या रसात आटवत सुकं केलेल्या मांसासाठी, वाटणात जून कंद घातला. तासन्‌तास शिजूनही वास टिकला, तिथे मटणालाही तो शोभला.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळांच्या जागी घातलं तेव्हा मात्र सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "औषध कुणासाठी केलंय?" खरंच होतं ते. कोकम, तिरफळ आणि बांगडा यांच्यात याची लुडबुड नको.

हिवाळ्यात बराच कोवळा माल निघतो. चकत्या करून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवते. वितळवायची गरज नाही, तशाच रसात टाकायच्या. आषाढात कुदळ घेऊन चिखलात उतरावं लागत नाही.