फ्रीफाइलसिंक: रेकॉर्डिंगच्या बॅकअपसाठी जत्रांचा हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यावर

कुडाळात बसून दशावतारी नाटकं आणि डबलबारी भजनं रेकॉर्ड करतो, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या प्रोजेक्टांच्या बॅकअपसाठी फ्रीफाइलसिंक हे दोन फोल्डर ताडून सारखे करणारं सॉफ्टवेअर कसं वाटलं, ते लिहितोय.

आधी पसारा किती ते बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी खातो. हार्मोनियम, पखवाज, झांज, रंगमंचावरचे माईक धरून आठ ट्रॅक झाले, की चार तासांच्या नाटकाचे १६ जीबी होतात. गुगल ड्राइव्हची फुकटची १५ जीबी एका रात्रीलाही पुरत नाही. १० एमबीपीएसने अपलोड करायचं तर साडेतीन तासांच्या वर, आणि जुलैत तेवढा वेळ सलग लाईट असेल तर! त्यामुळे क्लाउडवर फक्त फायनल मिक्स आणि प्रोजेक्ट फाइल, बाकी सगळं दोन बाहेरच्या ड्राइव्हवर.

खासगी वापरासाठी सॉफ्टवेअर फुकट आहे. 'कम्पेअर' दाबलं की काय बदललंय ते समोर दिसतं, मग 'सिंक्रोनाइझ'. कॉपी चालू असताना लाईट गेली तरी अर्धवट फाइल खऱ्या नावाने पडून राहत नाही. पूर्ण होईपर्यंत ती तात्पुरत्या नावाने असते. आमच्याकडे याचं मोल वेगळं सांगायला नको.

खरी गोम 'मिरर' मोडमध्ये. मूळ फोल्डरातून उडवलेलं तो बॅकअपमधूनही उडवतो. म्हणून 'व्हर्जनिंग', म्हणजे उडवलेल्या किंवा बदललेल्या जुन्या फाइल्स बाजूला जपून ठेवायची सोय, चालू करून वेगळा फोल्डर द्याच. मिक्स झाल्यावर नको असलेले टेक (एकाच भजनाची वेगवेगळी रेकॉर्डिंगं) साफ करून टाकले होते, आणि महिन्याभराने भजनी बुवांचा फोन, "पयलो होतो तोच बरो होतो." व्हर्जनिंगच्या फोल्डरात तो पहिला टेक तारखेसकट मिळाला. 'रीपीक्स' फाइल्स मात्र फिल्टर लावून वगळा, त्या फक्त वेव्हफॉर्मचं चित्र काढायला असतात. रीपर त्या पुन्हा बनवतो.

प्रोजेक्टमधला एखादा आवाज डेस्कटॉपवरून ओढून आणलेला असेल, तर या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नसतो. 'सेव्ह प्रोजेक्ट अॅज'मध्ये मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायचा पर्याय आहे, तो टिकमार्क करायचाच. मग ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावून प्रोजेक्ट उघडून बघा. मीडिया सापडत नाही असं रीपर म्हणाला, तर तो बॅकअप नव्हेच. प्लगइन (आवाजावर इफेक्ट देणारी जोड-सॉफ्टवेअरं) त्या लॅपटॉपवर नसतील हे धरून स्टेम्सही, म्हणजे इफेक्टसकट प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल, रेंडर करून ठेवतो.

एक ड्राइव्ह घरी, सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. दुसरा कोल्हापूरला बहिणीकडे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते पाहिलेल्याला दोन्ही ड्राइव्ह एकाच कपाटात ठेवणं पटणार नाही. कोल्हापूरचा ड्राइव्ह गणपतीत बहीण आली की येतो आणि नवीन काम भरून परत जातो, त्यामुळे त्यावरचं काम काही महिने मागेच असतं.