रोथसे गाव : काय पाहावे, काय विकत घ्यावे

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत आमचे वडिलोपार्जित दुकान असल्यामुळे परगावी गेलो की माझी नजर आधी दुकानांकडे वळते. स्कॉटलंडमधील ब्यूट बेटावरच्या रोथसे या समुद्रकाठच्या गावात मात्र ती सर्वांत आधी एका सार्वजनिक मुतारीवर खिळली, आणि त्या गावातली पाहण्याजोगी पहिली जागा तीच आहे असे माझे ठाम मत झाले.

ग्लासगोहून रेल्वेने वेमिस बे आणि तेथून ३५ मिनिटांची बोट, असा हा प्रवास आहे. वेमिस बे येथील १९०३ सालचे स्थानक घाईने ओलांडू नये. काचेच्या वळणदार छताखालून चालत आपण थेट बोटीच्या धक्क्यापर्यंत पोहोचतो, आणि बाहेर आपल्याकडच्या आषाढासारखा पाऊस कोसळत असला तरी अंगावर थेंब पडत नाही.

रोथसेच्या धक्क्यावरची ती मुतारी १८९९ सालची आहे. ग्लासगोचे कामगार सुट्टीत आगबोटींनी येथे लोटत असत, त्यांच्या सोयीसाठी ती बांधली गेली. भिंतीलगत चौदा आणि मधोमध गोलाकार सहा अशी पांढऱ्या चिनीमातीची भांडी, त्यांभोवती गडद हिरवी संगमरवरी झाक, पायाखाली रंगीत तुकड्यांची नक्षीदार फरशी, आणि डोक्यावर काचेच्या बाजू असलेल्या टाक्या, ज्यांतले पाणी बाहेरून दिसते. नळ्या तर दिवाळीला चिंचेने घासलेल्या समईसारख्या लखलखत होत्या. मूळ बांधणी केवळ पुरुषांसाठी असल्याने माझी पत्नी बाहेर थांबली होती. आत कोणी नाही हे पाहून तेथील कर्मचाऱ्याने तिलाही आदराने आत नेऊन सारे दाखवले. "अहो, आपल्या देवघरातली भांडी एवढी चकचकीत नसतात," असे ती बाहेर येताना म्हणाली. सव्वाशे वर्षांची ही वास्तू आजही रोजच्या वापरात आहे, याचे मला फार अप्रूप वाटले.

गावाच्या मध्यभागी तेराव्या शतकातला किल्ला आहे. पन्हाळा पाहिलेल्या माणसाला तो वाड्याएवढाच वाटेल, परंतु वर्तुळाकार तटबंदी, चार बुरूज आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक अशी रचना मी अन्यत्र पाहिलेली नाही. १२३० साली नॉर्वेच्या सैन्याने कुऱ्हाडींनी हा तट फोडला होता, हे ठाऊक असल्यास त्या दगडांवरून हात फिरवताना वेगळेच वाटते. किल्ल्यामागचे संग्रहालय लहान आहे. तासाभरात पाहून होते.

दुकानांबाबत सावध राहावे. एका दुकानात 'स्थानिक लोकर' अशी पाटी पाहून मी लेकीसाठी गळपट्टा घेतला, आणि परतीच्या बोटीत त्याच्या शिवणीतली चिठ्ठी वाचली, तर तो दुसऱ्याच देशात यंत्रावर विणलेला, अर्धा कृत्रिम धाग्याचा निघाला. चूक माझीही होती, कारण बनावट कोल्हापुरी चपलांमुळे आमच्या कारागिरांचे किती नुकसान होते हे मी रोज पाहतो, आणि २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. स्कॉटलंडमध्ये खात्रीची लोकर हवी असल्यास हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाचा शिक्का पाहून घ्यावी. गोल आणि त्यावर क्रूस अशी ती खूण असते. ते कापड बाह्य हेब्रिडीज बेटांवरील विणकरांनी स्वतःच्या घरीच विणलेले असले पाहिजे, असा १९९३ चा कायदा आहे. ते महाग असते, परंतु हातात घेतल्यावर विणीचा खरखरीतपणा लगेच जाणवतो. खाण्याच्या बाबतीत अशी अडचण आली नाही. धक्क्यासमोर बसून खाल्लेले आइस्क्रीम उत्तम होते. पश्चिम स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर इटालियन कुटुंबांनी रुजवलेला हा व्यवसाय आजही जोमात आहे.

गावापासून सुमारे आठ किलोमीटरवरील माउंट स्टुअर्ट या वाड्यासाठी निम्मा दिवस राखून ठेवावा. जुना वाडा १८७७ साली आगीत जळाल्यावर ब्यूटच्या तिसऱ्या मार्क्विसने, म्हणजे तेथील सरदाराने, तो नव्याने उभारला. संगमरवरी दालनाच्या छतावर तारकामंडळे रेखलेली आहेत आणि रंगीत काचांतून राशीचक्र साकारले आहे. आपला कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ सालचा, म्हणजे जवळपास त्याच काळातला. त्यामुळे खांबांवरचे कोरीवकाम पाहताना मला वारंवार घरची आठवण येत होती. हिवाळ्यात हा वाडा बंद असतो, म्हणून उन्हाळ्यात, आणि तेही सकाळच्या बोटीने जावे.