फौजी क्वार्टर: बांधणी चांगली, देखभाल बेताची

पतीच्या बदल्यांमुळे आम्ही आजवर सहा स्टेशनांवर, म्हणजे लष्करी ठाण्यांवर, राहिलो. त्यांपैकी चार ठिकाणी सरकारी क्वार्टर मिळाले आणि दोन ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव ठेवून, घरभाडे भत्त्यावर बाहेर घर घेऊन दिवस काढावे लागले. तुलना करण्याइतका अनुभव गाठीशी असल्यामुळे सध्याच्या घराविषयी लिहीत आहे. स्टेशनाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही.

घराची रचना नि:संशय चांगली आहे. दोन झोपण्याच्या खोल्या, हवेशीर स्वयंपाकघर आणि मुलांना खेळायला मोकळे मैदान आहे. शिवाय पती फील्डमध्ये असताना रात्री दाराला कडी लावून निश्चिंत झोपता येते, हे सुख बाहेरच्या भाड्याच्या घरात नव्हते.

तक्रार आहे ती देखभालीची. आतल्या खोलीच्या भिंतीला, कपाटाच्या मागे, ओल येते. पहिल्याच पावसाळ्यात तक्रार वहीत नोंद केली, तेव्हा देखभाल पाहणारे एक गृहस्थ येऊन भिंतीवर हात फिरवून गेले आणि "बजेट आले की बघू" म्हणाले. मार्चच्या मध्यावर रंगारी आले आणि त्यांनी त्याच ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारले. रंगाच्या कामाला मंजुरी होती, गच्चीच्या गळतीच्या कामाला नव्हती, असे त्यांच्या मुकादमाने सरळ सांगितले. 31 मार्चला न खर्चलेला निधी परत जातो, त्यामुळे जे काम लवकर उरकते तेच आधी होते. आषाढात त्या रंगाचे तळहाताएवढे पापुद्रे सुटले आणि खालची जुनी हिरवी भिंत पुन्हा दिसू लागली.

ही ओल समजून घ्यायची तर अर्थसंकल्पाची कागदपत्रे चाळावी लागतात. घर बांधण्याचा पैसा भांडवली खर्चातून येतो आणि ते राखण्याचा महसुली खर्चातून. 2025-26 साठी संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद सुमारे 6.81 लाख कोटी रुपये होती आणि तीत भांडवली खर्चाचे 1.80 लाख कोटी रुपये होते. त्यांतले 1,48,722.80 कोटी आधुनिकीकरणासाठी, म्हणजे विमाने, जहाजे, तोफा यांच्यासाठी राखले होते, उरलेल्या 31,277.20 कोटींत संशोधन आणि देशभरच्या पायाभूत सुविधा हे दोन्ही बसवायचे होते. आमच्यासारख्यांची नवी घरे याच उरलेल्या भागातून उभी राहतात. विमानांची गरज मी नाकारत नाही, पण घराचा क्रम त्यांच्यानंतरच लागतो, हे आकडेच सांगतात.

जवानांच्या कुटुंबांसाठी विवाहित निवास प्रकल्प 2002 साली हाती घेतला गेला आणि टप्प्याटप्प्याने सुमारे दोन लाख घरे बांधण्याचे ठरले. सुरुवातीच्या टप्प्यांचेच काम ठरलेल्या मुदतीच्या बरेच पुढे गेले. संरक्षण खर्चाच्या मागण्या लोकसभेत अनेकदा चर्चेविना, गिलोटिनने, म्हणजे चर्चेची वेळ संपल्यावर उरलेल्या मागण्यांसोबत सरसकट मतदानाने, एकत्रच मंजूर होतात. खरी छाननी होते ती संरक्षणविषयक स्थायी समितीत. समितीचे अहवाल सार्वजनिक असतात आणि वाचण्यासारखे असतात. तरी मला राहून राहून वाटते की नव्या इमारतीचा हिशोब जितक्या बारकाईने विचारला जातो, तितका दहा वर्षे जुन्या इमारतीच्या गच्चीचा विचारला जात नाही. उद्घाटनाची कोनशिला असते, वॉटरप्रूफिंगची नसते.

पाचपैकी तीन गुण देते. घराला चार दिले असते, एक देखभालीने घालवला. क्वार्टर मिळत असेल तर जरूर घ्यावे. मात्र मार्चिंग-इनच्या, म्हणजे घराचा ताबा घेण्याच्या, वेळी पंखे आणि नळ मोजून घेताना कपाटे पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपावी आणि ओल दिसली तर ती यादीत लिहवून, सही घेऊनच किल्ली स्वीकारावी. मी ते केले नाही, आणि मार्चिंग-आउटच्या, म्हणजे घर सोडण्याच्या, वेळी त्या भिंतीचे नुकसान आमच्या नावावर लागू नये म्हणून आता तक्रार वहीतल्या तिन्ही नोंदींचे फोटो जपून ठेवले आहेत.