सोनोग्राफी जेलचा ५ लिटरचा कॅन : सांगलीच्या उन्हाळ्यात कसा चालतो?

रोज पोटाच्या तपासण्यांची रांग असेल तर २५० मिलीच्या सुट्या बाटल्यांपेक्षा हा कॅन परवडतो. जेल छान घट्ट आहे. पण एप्रिल-मेमध्ये कॅन खिडकीशी ठेवला की ते पातळ होऊन पेशंटच्या कुशीवरून थेट चादरीवर ओघळतं. बाटली भरताना कॅन हलवू नका. बुडबुडे राहिले की सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी त्यातल्या हवेतून पुढे जात नाहीत आणि पडद्यावर काळे पट्टे उमटतात. अर्ध्या बाटलीत वरून भर टाकणं तर अजिबात नको, जंतू वाढतात. रिकामी करून, धुऊन, पूर्ण सुकवूनच भरा. सुई घालायच्या तपासणीला हे चालत नाही, तिथे निर्जंतुक पाकीटच फोडा. प्रोबवरून, म्हणजे अंगावर फिरवायच्या यंत्राच्या दांड्यावरून, मऊ टिश्यूने सहज पुसलं जातं, हे फार आवडलं. झाकण मात्र ढिलं आहे.